कंपनीत शिकायला पाठवण्याआधी

दहावीचा निकाल लागला की भोसरी, सातपूर, वाळूज किंवा गोकुळ शिरगावच्या आसपासच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो : पोराला कंपनीत शिकायला पाठवावे का? मग प्रत्येकाकडे एकेक ठाम मत असते, आणि त्यांतली बरीच ऐकीव असतात.

पहिले मत असे, की अठरा पूर्ण झाल्याशिवाय कारखान्यात घेतले तर ती बालमजुरी होते. कायदा तसे म्हणत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने किमान वय १४ ठेवले आहे, धोकादायक उद्योगांसाठी १८. उमेदवार अज्ञान असेल तर करार त्याचे पालक करतात आणि त्या कराराची सरकारदरबारी नोंदणी होते. काम करताना इजा झाली तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइमही करून घेता येत नाही, आणि ही मंजुरी प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताची गरज असेल तरच मिळते.

पण हे सगळे संरक्षण नोंदलेल्या कराराला आहे, आणि घोळ होतो तो इथेच. गळ्यात 'ट्रेनी' असे लिहिलेले ओळखपत्र आले की आईवडिलांना वाटते, मुलगा अप्रेंटिस झाला. प्रत्यक्षात तो एखाद्या कंत्राटदाराचा हेल्पर असू शकतो : दिवसभर माल उचलणे, बर काढणे, पॅकिंग. सोळा वर्षांच्या मुलाने धोकादायक नसलेल्या ठिकाणी असे काम करणे बेकायदा नाही; पण मग तो कामगार ठरतो आणि त्याला कामगाराचा पगार मिळायला हवा. शिकवतही नाहीत आणि 'शिकतोयस ना' म्हणून पगारही कमी देतात, ही अवस्था सगळ्यात वाईट. माझ्या मते पालकांनी धास्ती घ्यायची तर मशीनच्याही आधी या गोष्टीची घ्यावी.

"ओळखीशिवाय घेतच नाहीत" हेही नेहमीचे वाक्य. ओळख असली तर बिघडत नाही, पण ३० किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारकच आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार हे प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के असते, आणि त्या मोजणीत कंत्राटी माणसेही धरतात. जागा राष्ट्रीय अप्रेंटिसशिप पोर्टलवर दिसतात, नावनोंदणीही तिथेच होते.

फुकट राबवून घेतात, असेही म्हणतात. विद्यावेतन हा उमेदवाराचा हक्क आहे. २०१९ च्या नियमांनी ठरवलेली किमान रक्कम महिन्याला दहावी पाससाठी ६,०००, बारावी किंवा आयटीआय पाससाठी ७,००० रुपये अशी होती. दुसऱ्या वर्षी तिच्यात दहा टक्के वाढ. करार कराल त्या दिवशीचा दर पोर्टलवर पाहून घ्यावा. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत या खर्चातला २५ टक्के वाटा, महिना १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलते. त्यामुळे "आम्हाला परवडत नाही" हे मालकाचे रडगाणे पुरते खरे मानू नये.

आता सर्वांत महाग पडणारा गैरसमज : एकदा अप्रेंटिस झाला की नोकरी पक्की. २० मार्च २०१८ रोजी सकाळी रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारांनी दादर-माटुंग्याच्या दरम्यान रुळांवर बसून मध्य रेल्वेची वाहतूक काही तास रोखली, ती नोकरीच्याच मागणीसाठी. रेल्वेच्या भरतीत अशा उमेदवारांसाठी २० टक्के जागा राखीव होत्या, पण त्याही परीक्षा देऊनच मिळवायच्या. मुलांना हवी होती सरसकट सामावणूक. त्यांचा राग समजण्यासारखा होता. कायदा मात्र मालकाला नोकरी देण्याची सक्ती करत नाही. भरतीविषयी त्याने आपले धोरण ठरवावे, एवढेच सांगतो. नोकरी देण्याचे करारात लिहिले असेल तर गोष्ट वेगळी. हाती नक्की येते ते परीक्षेनंतरचे राष्ट्रीय प्रमाणपत्र, आणि ते दुसऱ्या कंपनीतही चालते.

"ढ मुलांची वाट" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी पुढचा रस्ता पाहावा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय करणाऱ्याला भाषेचे पेपर देऊन बारावीची समकक्षता मिळते आणि पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचे दारही उघडते. मुलींबद्दलची शंका तर जुनाट झाली. पुण्यात टाटा मोटर्सची एक अख्खी असेंब्ली लाइन स्त्रिया चालवतात.

शाळेत असतानाच हाताला चव लागावी असे वाटत असेल, तर त्यासाठी कारखानाच लागतो असेही नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमातून आलेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय अनेक शाळांत आठवी ते दहावीला आहे. वेल्डिंग, वायरिंग, सुतारकाम मुले तिथेच करून पाहतात.

सही करण्यापूर्वी मात्र करारावर चार गोष्टी शोधा : नोंदणी क्रमांक, ट्रेडचे नाव, कालावधी आणि विद्यावेतन. यातले काही सापडले नाही तर कंपनीच्या गेटवर हुज्जत घालत बसू नका. जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये 'मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्र' अशा लांबलचक नावाचे कार्यालय असते. लोक त्याला बीटीआरआय म्हणतात. कागद घेऊन तिथे जा आणि हा करार खरोखर नोंदला गेला आहे का, ते विचारा.