एकेक घडी, चाळीस दुप्पटी

वहीचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. एकदा दुमडला की जाडी दुप्पट, पुन्हा दुमडला की चौपट. सातव्या-आठव्या घडीला तो हाताला दाद देईनासा होतो. २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्रिटनी गॅलिव्हन या शाळकरी मुलीने १२ घड्या घालून दाखवल्या, तो विक्रम ठरला. प्रत्यक्षात जमत नसलं तरी हिशेब पुढे नेता येतो. दहाव्या घडीला १,०२४ पदर होतात, विसाव्या घडीला दहा लाखांच्या वर. बेचाळिसाव्या घडीला जाडी ४ लाख ३९ हजार किलोमीटर भरते, आणि चंद्र तर सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरच आहे.

शाळेत हे गणित गंमत म्हणून सांगतात. खारघरच्या सेक्टर २२ मध्ये टाटा स्मारक केंद्राचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. तिथे येणाऱ्या अनेक मुलांच्या हाडांच्या पोकळीत हेच गणित चालू असतं. ल्युकेमियात रक्त घडवणारी एक पेशी बिघडते. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. चाळीस दुप्पटी झाल्या की आकडा १ लाख कोटींवर जातो. निदान होतं तेव्हा मुलाच्या अंगात बिघडलेल्या पेशी साधारण इतक्याच असतात. सगळ्या एकत्र केल्या तर वजन किलोभर भरेल.

औषधांनी त्यातल्या ९९ टक्के मारल्या, तरी १,००० कोटी उरतात. मूल हसायला-खेळायला लागतं, रिपोर्ट चांगला येतो, आणि तरीही डॉक्टर उपचार थांबवत नाहीत, त्याचं कारण हा उरलेला आकडा. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियाचा उपचार दोन ते अडीच वर्षं चालतो. पाच वर्षांच्या मुलासाठी ते त्याचं अर्धं आयुष्य.

१९५५ मध्ये हिरोशिमाच्या रेडक्रॉस रुग्णालयात हे उपचार नव्हते. सादाको सासाकी तिथे २१ फेब्रुवारीला दाखल झाली, तेव्हा ती १२ वर्षांची होती. ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब पडला त्या दिवशी ती दोन वर्षांची होती आणि घर स्फोटबिंदूपासून दोन किलोमीटरच्या आत होतं. अंगावर जखम नव्हती. पळण्याच्या शर्यतीत शाळेत पुढे असणारी ही मुलगी दहा वर्षांनी ल्युकेमियाने अंथरुणाला खिळली.

आजाराचं नाव तिला कोणी सांगितलं नव्हतं. पण तपासणीत येणारे रक्ताचे आकडे ती गुपचूप एका चिठ्ठीवर उतरवून ठेवत होती. चिठ्ठी तिच्या मृत्यूनंतर सापडली. त्या ऑगस्टमध्ये नागोयाच्या विद्यार्थ्यांनी रुग्णालयात कागदी क्रौंच पाठवले. हजार क्रौंच घडवले की इच्छा पुरी होते, ही जपानमधली जुनी समजूत. सादाकोही घड्या घालू लागली. रंगीत कागद पुरेसा नव्हता म्हणून औषधाच्या पुड्यांचा कागद, खाऊचं वेष्टन, जे हाताला लागेल ते तिने वापरलं. कागद नखाएवढा उरला तर सुईच्या टोकाने घडी दाबली. ती २५ ऑक्टोबर १९५५ ला गेली. हजाराचा आकडा तिने पार केला होता, असं तिचा थोरला भाऊ मासाहिरो सांगत आला आहे. घरावर कर्ज होतं, औषधाचा खर्च वाढू नये म्हणून ती वेदना बोलून दाखवत नसे, असंही त्यानेच सांगितलं.

सरावलेल्या हाताला एका क्रौंचाला दोन मिनिटं धरली, तरी हजाराला ३३ तास लागतात. आजारी मुलीच्या बोटांना किती लागले असतील! आणि हजार म्हणजे दुप्पटीच्या भाषेत फक्त दहा पायऱ्या. तिच्या शरीरातला आजार चाळिसाव्या पायरीच्या आसपास होता. माणूस माया लावतो ती एकेक करून; आजार दुपटीने वाढतो. १९५५ मध्ये मासाहिरोच्या हातात बहिणीसाठी मायेखेरीज काही नव्हतं.

सादाकोच्या वर्गमित्रांनी निधी गोळा करायला सुरुवात केली. जपानमधल्या ३,००० हून अधिक शाळांनी त्यात भर घातली आणि ५ मे १९५८ ला हिरोशिमात बालशांती स्मारक उभं राहिलं. तिथे दरवर्षी जगभरातून सुमारे १ कोटी क्रौंच येतात, वजन साधारण १० टन. दोन मिनिटांचाच हिशेब लावला तर एकट्या माणसाला अहोरात्र घड्या घालत ३८ वर्षं बसावं लागेल. भागाकार केला की एका क्रौंचाचं वजन निघतं १ ग्रॅम. हा १ ग्रॅम लक्षात ठेवा.

सादाको गेल्यानंतरची वर्षं वैद्यकात महत्त्वाची ठरली. १९५९ मध्ये अमेरिकेत डॉ. ई. डोनॉल थॉमस यांनी ल्युकेमियाच्या दोन रुग्णांना तीव्र किरणोत्सर्ग दिला आणि त्यांच्या हुबेहूब जुळ्या भावंडांची अस्थिमज्जा दिली. मज्जा रुजली, पण काही महिन्यांत आजार परतला. १९६८ मध्ये मिनेसोटात प्रतिकारशक्तीच नसलेल्या एका तान्ह्या मुलाला बहिणीची मज्जा दिली आणि तो जगला. सिॲटलला थॉमस यांच्याकडे ही विद्या पाहून डॉ. सुरेश अडवाणी मुंबईत परतले. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे ते चाकाच्या खुर्चीवरून काम करत. मार्च १९८३ मध्ये परळच्या टाटा रुग्णालयात त्यांनी ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातलं हे पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण. पुढे २००७ मध्ये टाटाचा प्रत्यारोपण विभाग खारघरला आला.

आता काय घडतं ते जवळून पाहा. भाऊ किंवा बहीण भूल देऊन पालथी झोपवली जाते. कमरेच्या हाडात मागून सुई घालून मज्जा काढतात. दिसायला ती दाट रक्तासारखी. पिशवीत भरून आजारी भावंडाच्या नळीला जोडतात, आणि रक्त चढवतात तशीच ती थेंब थेंब चढते. टाका नाही, चिरफाड नाही. हाडांचा पत्ता पेशींना कोणी सांगत नाही. रक्तातून फिरत त्या आपणहून हाडांच्या पोकळीत जाऊन वस्ती करतात. दात्याची मज्जा काही आठवड्यांत भरून निघते.

प्रत्यारोपणासाठी घेणाऱ्याच्या वजनाच्या दर किलोमागे मज्जेतल्या, रक्त घडवणाऱ्या किमान २० लाख मूळपेशी लागतात. मूल २० किलोचं असेल तर ४ कोटी. या ४ कोटी पेशींचं वजन ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकंही नाही. हिरोशिमातल्या एका कागदी क्रौंचापेक्षा हलका ऐवज! पण याही पेशी दुपटीने वाढतात. प्रौढ माणसाची निरोगी मज्जा दिवसाला सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी तयार करते, म्हणजे दर सेकंदाला २० लाखांहून जास्त. वॉर्डात आईबाप सकाळ-संध्याकाळ एकच विचारतात, ‘काउंट वाढले का?’ दोन ते चार आठवड्यांनी ते वाढू लागतात. भावाने बहिणीला मज्जा दिली असेल तर तिच्या रक्तपेशींत यानंतर वाय गुणसूत्र सापडतं. दोघांचा रक्तगट वेगळा असेल तर तिचा रक्तगट भावाचा होतो. सादाकोच्या काळी जी दुप्पट फक्त आजाराच्या बाजूला होती, ती आता भावंडाच्या बाजूलाही आहे.

पण इथे एक चतुर्थांशाचा आकडा आडवा येतो. मज्जा कोणाचीही चालत नाही, ती जुळावी लागते; ही ‘मॅच’ ठरवणारे एचएलए जनुक सहाव्या गुणसूत्रावर असतात. प्रत्येक मूल आईच्या दोन संचांपैकी एक आणि बापाच्या दोनांपैकी एक घेतं, म्हणून जोड्या चार. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. दोन भावंडं असली तर त्यातलं एखादं जुळण्याची शक्यता ४४ टक्के, तीन असली तर ५८. आजच्या घरात मुलं एक किंवा दोन. अर्ध्या जुळणीवर, म्हणजे आईबापाच्या किंवा अर्ध्या जुळलेल्या भावंडाच्या मज्जेवरही आता प्रत्यारोपण होतं, पण पूर्ण जुळलेलं भावंड हाताशी असलं तर डॉक्टर सहसा त्यालाच पहिली पसंती देतात.

जे मूल जुळत नाही, त्याला हे गणित कोणीतरी बसून सांगायला हवं. नाहीतर आपल्याच रक्तात काही कमी पडलं, असं ते मनाला लावून घेतं. जुळो वा न जुळो, भावंडं एकमेकांशी बांधलेलीच असतात. १७९७ मध्ये जपानमध्ये ‘हिदेन सेनबाझुरु ओरिकाता’ हे घडीकामाचं पुस्तक छापलं गेलं. त्यात एका चौकोनी कागदाला कापे देऊन, तुकडा न पाडता, ९७ क्रौंच घडवायची रीत आहे. सगळे टोकांना जोडलेले. एकाला ओढलं की शेजारचे हलतात. घरात एक मूल आजारी पडतं तेव्हा घराचंही असंच होतं. आईबाप आजारी मुलाला घेऊन खारघरला येतात आणि दुसरं मूल गावी आजीजवळ राहतं. त्याची शाळा, त्याचा ताप, त्याचा वाढदिवस सगळं फोनवर उरकतं. आणि भावंड गेलंच तर शोक करायलाही घरात त्याला सवड मिळत नाही, कारण सगळे आईला सावरत असतात. मासाहिरो सासाकीने बहिणीचे मोजके क्रौंच जपले आणि म्हातारपणी ते जगाला वाटले. २००७ मध्ये एक न्यूयॉर्कला, ९/११ च्या मृतांच्या स्मृतिकेंद्राला दिला. बहीण गेल्याला तेव्हा ५२ वर्षं झाली होती. लहानपणचं भावंडाचं दुःख इतकी वर्षं टिकतं, हे डॉक्टरांनी, शिक्षकांनी आणि नातेवाइकांनी ध्यानात घ्यावं.

जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत ३० टक्केही नाहीत. हे अंतर औषधांचं आणि पैशांचं आहे, तसंच दात्यांचंही आहे. एचएलएचे नोंदलेले प्रकार ४० हजारांच्या पुढे गेले आहेत, त्यामुळे परक्या माणसाशी जुळणी सापडायला नोंदणी प्रचंड लागते. जर्मनीची लोकसंख्या ८ कोटींच्या थोडी वर, आणि तिथले नोंदणीकृत दाते सुमारे १ कोटी. आपण १४० कोटी, आणि आपले दाते अवघे काही लाख. आपल्या मुलाशी जुळणारा माणूस बहुधा आपल्याच लोकांत सापडतो, म्हणून ही उणीव जर्मनी भरून काढू शकत नाही.

तेव्हा एवढं करा. वय १८ ते ५० च्या दरम्यान असेल आणि तब्येत ठीक असेल, तर ‘दात्री’सारख्या नोंदणीत नाव घाला, गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून दिला की नमुना झाला. खारघर, बेलापूर, पनवेलला राहत असाल तर प्लेटलेट द्या. काढलेली प्लेटलेट पाच दिवसच टिकते, प्रत्यारोपण झालेल्या मुलाला ती पुन्हा पुन्हा लागते, आणि एका निरोगी माणसाला ती वर्षातून २४ वेळा देता येते. आणि ओळखीच्या घरात मूल आजारी असेल, तर त्याच्या भावाची किंवा बहिणीचीही नाव घेऊन चौकशी करा.