जुना संगणक दुसऱ्याच्या हाती देताना

घरात नवा संगणक आला की जुना एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला द्यावा, असे अनेकांच्या मनात येते. विचार स्तुत्यच आहे. परंतु त्या संगणकात आपली बँकेची स्टेटमेंट, आधार-पॅनच्या प्रती, मुलांचे दाखले, फोटो, सर्व काही साठलेले असते. ते तसेच गेले तर आपले नुकसान होईलच. शिवाय पुढे काही गैरप्रकार झाला तर संशय घेणाऱ्या मुलावर येईल. म्हणून ही खबरदारी दोघांच्याही हिताची आहे.

फाईल डिलीट करून रीसायकल बिन रिकामे केले म्हणजे काम झाले, हा समज चुकीचा आहे. हार्ड डिस्कवर त्यामुळे फक्त अनुक्रमणिकेतील नोंद निघते. मूळ मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. अमेरिकेतील एमआयटीच्या सिम्सन गारफिंकेल व अभि शेलत या विद्यार्थ्यांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू असलेल्या १२९ डिस्कपैकी अवघ्या १२ नीट पुसलेल्या होत्या. एक तर एटीएम यंत्रातील असावी असे दिसून आले! आम्हा बँकवाल्यांना हे वाचून धास्ती वाटावी यात नवल नाही.

तेव्हा क्रमाने असे करावे. प्रथम हव्या त्या फाईली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात आणि त्या उघडतात की नाही, हे पाहावे. मग ईमेल, ब्राउझर आदी सर्व खात्यांतून साइन आउट करावे. अ‍ॅपलचा संगणक असल्यास 'फाइंड माय' बंद करावे. नाहीतर नव्या मालकाला तो कुलूपबंद मिळू शकतो.

त्यानंतर चार्जर जोडून विंडोजच्या 'रिकव्हरी' विभागातून 'रीसेट धिस पीसी' निवडावे. तेथे 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घ्यावे आणि पुढील सेटिंगमध्ये 'क्लीन डेटा' चालू करावे. यास काही तास लागू शकतात. घाई करू नये. डिस्क एसएसडी प्रकारची असेल तर उत्पादक कंपनीचे 'सिक्युअर इरेज' वापरणे अधिक चांगले. काम संपून स्वागताचा पडदा आला की तेथेच थांबावे. नवे खाते व पासवर्ड नव्या मालकाने स्वतःच तयार करावा.

आणखी एक गोष्ट. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालत नसेल, तर उबुंटू किंवा मिंटसारखी मोफत लिनक्स प्रणाली घालून द्यावी. लेखन, अभ्यास, इंटरनेट यांना ती पुरेशी आहे. चोरीची प्रत मात्र घालून देऊ नये.

शेवटी धूळ पुसावी, चार्जर व खरेदीची पावती सोबत द्यावी आणि अर्धा तास बसून मुलाला सर्व समजावून सांगावे. वस्तू देणाऱ्याने एवढी तसदी घेतली, तर ती वस्तू घेणाऱ्याच्या खऱ्या उपयोगी पडते.