अरदाशीतील फाळणी

‘फाळणी’ म्हणताच आपणांस नकाशा आठवतो. पंजाबीतील ‘उजाडा’ या शब्दात ओसाड घर दिसते. १९४७ साली पश्चिम पंजाबातील शिखांची घरे व शेते तर गेलीच, परंतु गुरू नानकांचे जन्मस्थान ननकाना साहिबही सीमेपलीकडे राहिले. हा वियोग इतिहासग्रंथांपुरता उरला नाही. दुरावलेल्या गुरुद्वारांचे मुक्त दर्शन घडावे, ही याचना ‘अरदास’ या नित्य प्रार्थनेत समाविष्ट झाली. २०१९ साली सीमेपलीकडील कर्तारपूरचा मार्ग उघडला, तरी ती थांबलेली नाही.

मात्र हीच प्रार्थना सर्वांच्या कल्याणाच्या मागणीने संपते. दुःख विसरावयाचे नाही आणि त्याचे वैरही होऊ द्यावयाचे नाही, असा हा ताण आहे. अमृता प्रीतम यांनी पंजाबचा आक्रोश वारिस शाह या मुसलमान पूर्वसूरीपुढे मांडला. ती कविता वाचताना हा ताण ध्यानी घेणे अगत्याचे आहे.