तापणारे इंजिन : निदान आधी, दुरुस्ती मागाहून

आपल्या व्यवसायात घाऊक माल येतो तो मोठ्या ट्रकने. परंतु पेठेतून गावोगावच्या दुकानांपर्यंत तो पोहोचतो तो बहुधा जुन्या पिकअप गाडीने. अशी दहा-पंधरा वर्षांची गाडी तापू लागली की प्रत्येकजण निराळा उपाय सांगतो. कोणी रेडिएटर बदलावयास सांगतो, तर कोणी इंजिन उघडावयास. मात्र गाडी केव्हा तापते, हा पहिला प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. निदानाची किल्ली याच प्रश्नात आहे.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णताच गाडी ओढण्याच्या कामी येते. साधारण तितकीच धुराबरोबर निघून जाते आणि उरलेल्यापैकी बराच भाग पाण्यावाटे रेडिएटरकडे जाऊन हवेत सोडावा लागतो. जमा होणारी उष्णता खर्च होणाऱ्या उष्णतेहून अधिक झाली, की काटा चढतो.

प्रथम काटा खरा की खोटा, हे ठरवावे. जुन्या गाडीत वायर सैल होऊनही काटा वर जातो. दुरून उष्णता मोजणारे इन्फ्रारेड थर्मामीटर आता सहज मिळते. थर्मोस्टॅटच्या डब्याजवळ ८० ते ९५ अंश सेल्सिअस दिसत असतील, तर इंजिनाचा दोष नसून काट्याचा दोष आहे असे समजावे.

त्यानंतर इंजिन पूर्ण थंड असताना पाण्याची पातळी व रेडिएटरचे झाकण पाहावे. हे झाकण कुकरप्रमाणे आत दाब राखते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंच असल्याने येथे उघडे पाणी ९७-९८ अंशांवरच उकळते; झाकण दाब नीट राखीत असेल, तर तेच पाणी ११५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर झिजले की निरोगी इंजिनातूनही वाफ निघते. तेव्हा सर्वांत स्वस्त वस्तू सर्वांत आधी तपासावी.

आता मुख्य प्रश्न. गाडी रविवार पेठेच्या गर्दीत उभी असता तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष बहुधा हवेचा होय. पंख्याचा पट्टा ढिला आहे काय, पंख्याचा क्लच सुटला आहे काय, पंख्याभोवतीचे आवरण तुटले आहे काय, हे पाहावे.

याउलट उभी असता ठीक, परंतु गोव्याहून भरलेली गाडी चोर्ला घाट चढताना तापते, तर रेडिएटरची किंवा पाण्याच्या प्रवाहाची शंका घ्यावी. धान्याच्या गाड्यांत भुसा, कोंडा व धूळ रेडिएटरच्या जाळीत घट्ट बसते. ती इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेस हलक्या धारेने धुवावी. बोअरच्या जड पाण्याने आतील नळ्यांत क्षार साचतात. थर्मामीटर फिरविता रेडिएटरचा जो भाग थंड लागेल, तेथील नळ्या तुंबल्या असाव्यात. यास्तव बोअरचे पाणी न घालता शुद्ध पाणी व कूलंट निम्मे-निम्मे घालणे हितावह.

गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापली आणि वरचा होज कढत असून खालचा थंड राहिला, तर थर्मोस्टॅट अडकला असण्याचा संभव आहे. तो काढून पाण्याच्या पातेल्यात तापवावा; त्यावर छापलेल्या अंशाच्या सुमारास, अनेकदा ८२ अंशांवर, तो उघडू लागला पाहिजे. काही मिस्त्री तो कायमचा काढून टाकतात. तसे करू देऊ नये. इंजिन थंड राहून डिझेल अधिक लागते व झीज वाढते.

गळती दिसत नसताही पाणी कमी होत असेल, मागून पांढरा धूर येत असेल किंवा तेल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची भीती आहे. अशा वेळी गाडी चालवू नये. पुढचा खर्च अनेक पटींनी वाढतो.

गाडीत दोष नसताही क्षमतेहून अधिक पोती लादल्यास इंजिन तापणारच. त्याचा दोष मिस्त्रीकडे नसून आपल्याकडे आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चालकाचा जीव. तापलेल्या रेडिएटरचे झाकण काढताच उकळते पाणी उसळून तोंड व हात भाजतात. वाफ दिसताच गाडी कडेस घेऊन इंजिन बंद करावे, किमान अर्धा तास थांबावे आणि पूर्ण निवाल्यावरच झाकणास हात लावावा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. माल उशिरा पोहोचला तरी चालेल, हे मालकाने चालकास स्वतः सांगून ठेवावे. मालकाच्या धाकानेच तो घाई करतो.

गाडीत एक लहान वही ठेवावी. तारीख, ठिकाण, भार, काटा कोठवर गेला व किती पाणी घातले, हे चालकाने तीत लिहावे. महिन्याभराची अशी नोंद हाती असता चांगला मिस्त्री अंदाजाने भाग बदलीत बसणार नाही. हिशेबाची ही सवय आपल्या अंगी आहेच. ती दुकानाच्या गादीवरून गाडीत नेली म्हणजे झाले.