आठ पाय म्हणजे कोळी नव्हे

सह्याद्रीतल्या ओलसर गुहेत किंवा दगडाखाली एखादा चपटा, आडवा सरकणारा जीव दिसला, तर पाय मोजून ओळख पटत नाही. विंचूही आठ पायांचाच. कोळ्याची खूण म्हणून कंबर पाहायला सांगतात. हार्वेस्टमन या कोळ्यासारख्या दिसणाऱ्या लांब पायांच्या जीवापुरती ती उपयोगी आहे: त्याचं धड एकसंध दिसतं, तर घराच्या कोपऱ्यात जाळं विणणाऱ्या लांब पायांच्या कोळ्याचं शरीर दोन भागांत स्पष्ट विभागलेलं असतं. पण सुरुवातीला सांगितलेला चपटा जीव, म्हणजे नावापुरताच कोळी असलेला चाबूक कोळी, याच्यापाशी ही कसोटी फसते, कारण कंबर त्यालाही असते. म्हणून नजर पुढच्या पायांवर हवी. त्याची पहिली जोडी सुतासारखी बारीक आणि शरीराच्या कित्येक पट लांब. ती चाचपण्यासाठी, चालणं उरलेल्या सहा पायांवर. तोंडापुढे भक्ष्य पकडणारे काटेरी बाहू. रेशीम नाही, विषग्रंथीही नाहीत.

कुणी म्हणेल, खात्री नसेल तर मारलेला बरा. हे पटण्यासारखं नाही. या खुणा हातभर अंतरावरून, चांगल्या फोटोतही दिसतात आणि अनोळखी जीव हातात न घेणं एवढी खबरदारी पुरते. शिवाय चाबूक कोळ्याची मादी नवजात पिल्लांना पाठीवर वागवते. घाईने ठेचली, तर तीही सगळी मरतात.