पिल्लाची शाळा तिसऱ्या आठवड्यात भरते

मांजराला काही शिकवता येत नाही, असं आपण सर्रास म्हणतो. ते शिकतं, फक्त पिल्लू घरी येईपर्यंत त्याची शाळा बरीचशी उरकलेली असते.

जन्मतः पिल्लू आंधळं-बहिरं असतं. आईनं चाटल्याशिवाय त्याला शू-शीही होत नाही. डोळे साधारण सात ते दहा दिवसांत उघडतात. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात आपलं कोण आणि भ्यायचं कशाला, हे त्याच्या मेंदूत पक्कं होत जातं. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी हे तपासलं. काही पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून रोज हाताळलं, काहींना सातव्यापासून, काहींना अजिबात नाही. पहिली पिल्लं माणसाकडे झटकन यायची. उशिरा हात लागलेली मात्र त्यांच्यापेक्षा जास्त बिचकायची.

पण म्हणून जिन्याखाली मांजर व्यायली, तर पिल्लं उचलून आणायची घाई नको. निदान आठ आठवडे ती आईजवळच राहू द्या. पण आई बिथरत नसेल तर तिसऱ्या आठवड्यापासून घरातल्या दोघा-तिघांनी त्यांना रोज थोडा वेळ अलगद हाताळावं.

आई-भावंडांजवळ राहण्याचा एक फायदाही आहे. खेळताना एकानं जोरात चावा घेतला, की दुसरं किंचाळतं आणि खेळ थांबतो. दात किती रोवायचे, हे पिल्लू असं शिकतं. एकट्या पिल्लाला हा धडा आपण द्यायचा. बोटांशी खेळू द्यायचं नाही, दोरीला चिंधी बांधून द्यायची. चावलंच, तर हात मागे ओढू नका. निसटणारा हात त्याला पळणारं भक्ष्य वाटतो. हात स्थिर ठेवा, खेळ थांबवा.

शी मातीत पुरणं त्याच्या रक्तातच असतं. पसरट ट्रेमध्ये वाळू घालून तो जेवणाच्या वाटीपासून लांब ठेवा आणि जेवल्यावर, झोपून उठल्यावर पिल्लाला तिथे सोडा. चुकलं म्हणून नाक घासलं, तर ते फक्त तुम्हाला घाबरायला शिकेल.

दूध-पोळीवर मात्र त्याला वाढवू नका. गाईच्या दुधानं अनेक पिल्लांना जुलाब होतात. शिवाय टॉरिन हे द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही. ते मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं की दृष्टी आणि हृदय, दोन्ही बिघडतात.

मोठं झालेलं, बुजरं पिल्लू घरी आलं तर? त्याला पकडायला जाऊ नका. जमिनीवर बसा, शेजारी खाऊ ठेवा आणि त्यालाच जवळ येऊ द्या. वेळ लागेल, पण बरीचशी पिल्लं येतात.