कृष्णविवराचा ‘फोटो’ काढला कुणी?

१० एप्रिल २०१९ रोजी केशरी कड्याचं ते चित्र प्रसिद्ध झालं आणि ‘कृष्णविवराचा पहिला फोटो’ म्हणून घरोघरी पोचलं. फोटो म्हटला की कॅमेरा आला, बटण आलं, क्षणात उमटलेलं चित्र आलं. इथे यातलं काहीच नव्हतं.

एखाद्या प्रचंड दुर्बिणीने ते टिपलं, हा सर्रास आढळणारा गैरसमज. एम-८७ दीर्घिकेतलं हे विवर ५.५ कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. चंद्रावर ठेवलेलं संत्रं पृथ्वीवरून जेवढं दिसेल, तेवढंच ते कडं आपल्याला दिसतं. १.३ मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरींत ते पाहायचं तर पृथ्वीएवढी तबकडी हवी. ती बांधणार कोण? म्हणून एप्रिल २०१७ मध्ये हवाई, ॲरिझोना, मेक्सिको, चिली आणि स्पेनमधल्या दुर्बिणी एकाच वेळी तिकडे वळवल्या. प्रत्येक ठिकाणी आलेली लहर अणुघड्याळाच्या वेळेसकट नोंदवून ठेवली. दक्षिण ध्रुवावरची दुर्बीणही मोहिमेत होती, पण तिथून एम-८७ कधी क्षितिजावर येतच नाही.

आणि ही माहिती इंटरनेटवरून गोळा झाली असेल, असं कुणाला वाटलं तर नवल नाही. प्रत्यक्षात ती विमानाने गेली. मोहिमेची एकूण माहिती होती सुमारे ५ पेटाबाइट. १०० मेगाबिटच्या घरगुती जोडणीवरून ती पाठवायला साडेबारा वर्षं लागली असती. उंच डोंगरावरच्या विरळ हवेत साध्या हार्ड डिस्क दगा देतात, म्हणून हेलियम भरून सीलबंद केलेल्या डिस्क वापरल्या. त्या अमेरिकेतल्या एमआयटीच्या हेस्टॅक वेधशाळेत आणि जर्मनीत बॉनच्या माक्स प्लांक संस्थेत पोचल्या. ध्रुवावरच्या डिस्कना मात्र हिवाळा सरून विमानं सुरू होईपर्यंत तिथेच थांबावं लागलं. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओदुर्बिणीचं तत्त्व हेच, पण तिथल्या ३० तबकड्या २५ किलोमीटरच्या टापूत आहेत. त्यांचे संदेश ऑप्टिकल फायबरने एका इमारतीत येतात आणि तिथल्या तिथे जुळवले जातात. समुद्रापलीकडच्या डोंगरांना ही सोय नाही.

हेस्टॅक आणि बॉनच्या संगणकांच्या ताफ्यांकडे काम होतं जुळवणीचं. एकच लहर हवाईला आणि स्पेनला वेगवेगळ्या क्षणी पोचते, त्यात पृथ्वी फिरत असते. तो फरक काढून दोन-दोन नोंदी एकमेकींवर तंतोतंत बसवायच्या. त्यातून माहितीचा डोंगर उतरून एका साध्या संगणकावर मावेल एवढा उरतो. म्हणजे खुद्द चित्र बनवायला महासंगणक लागलाच नाही. तो लागला दुसरीकडे: विवराभोवतीच्या तप्त वायूची गणितं मांडून ६०,००० हून अधिक नमुनाचित्रं तयार करायला, म्हणजे समोर दिसतंय ते भौतिकशास्त्रात बसतं का, हे ताडून पाहता येतं.

‘मग मधल्या रिकाम्या जागा संगणकाने मनाने भरल्या ना?’ प्रश्न रास्त आहे, कारण दुर्बिणी मोजक्याच होत्या आणि त्याच नोंदींत एकाहून जास्त चित्रं बसू शकतात. म्हणून चार गट केले आणि त्यांनी एकमेकांशी न बोलता आपापलं चित्र काढलं. चौघांनाही कडंच मिळालं. त्यानंतर पद्धतींनाच परीक्षेला बसवलं. कडं, चंद्रकोर, भरीव चकती, दोन ठिपके अशा बनावट वस्तूंच्या खोट्या नोंदी त्यांना दिल्या. भरीव चकतीच्या मध्ये भोक पाडणारी पद्धत बाद. माझ्या मते या साऱ्या उद्योगातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच, आणि बातम्यांत तिला जागा मिळाली सर्वांत कमी.

मोहिमेतल्या संशोधक केटी बाउमन यांचा लॅपटॉपसमोरचा आनंदी फोटो गाजला आणि एकाच व्यक्तीच्या प्रोग्रॅमने सगळं केलं, असा समज पसरला. प्रसिद्ध झालेलं चित्र तीन वेगळ्या पद्धतींच्या निकालांची सरासरी आहे आणि त्यामागे २०० हून अधिक संशोधक होते. हे बाउमन यांनी स्वतःही सांगितलं होतं.

केशरी रंग? निवडलेला. रेडिओलहरींना रंग नसतो. जिथे तीव्रता जास्त, तिथे छटा उजळ, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा त्या चित्रात कड्याचा व्यास, मधला अंधार आणि दक्षिणेकडचा जास्तीचा उजेड यांवर भरवसा ठेवा, बारीकसारीक गाठींवर नको. २०१८ मध्ये ग्रीनलँडची दुर्बीण जोडून पुन्हा नोंदी घेतल्या, त्यांचं चित्र जानेवारी २०२४ मध्ये आलं. कड्याचा व्यास तोच निघाला. सर्वांत उजळ भाग तेवढा सुमारे ३० अंशांनी सरकला होता.